बोटाखाली एकच ओळ

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका बोळात आमचं डीटीपीचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीला लग्नपत्रिकांचे नमुने. २२ वर्षं झाली, मी तिथं मॅटर लावते. पत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल आणि दर सहामाहीला शाळांच्या प्रश्नपत्रिका. मजकूर हातात आला की तो पानावर कसा बसेल हे मला आधी दिसतं, वाचायला मी नंतर घेते. मथळा केवढा ठेवायचा, बोल्ड कुठं, चौकट कुठं, दोन रकान्यांत किती मोकळं सोडायचं. नीट लावलेलं पान वाचायच्या आधीच निम्मं कळतं, असं मी दुकानातल्या नव्या मुलींना सांगत आलेय.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला जन्मापासून दिसत नाही. आता ती सातवीत आहे. दुसरीत असताना तिच्या विशेष शिक्षिकेनं शाळेतला एक ब्रेलर सुटीत वापरायला आमच्याकडं दिला. "ताई, तुम्ही तर छपाईतल्याच. तुम्हाला आठ दिवसांत जमेल," असं त्या म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. ब्रेलर म्हणजे टाइपरायटरचा भाऊच, फक्त बोटानं वाचायचे ब्रेलचे ठिपके उठवणारा. ब्रेलचं एक चिन्ह म्हणजे एक घर, त्यात सहा ठिपक्यांची जागा: डावीकडं वरून खाली १, २, ३, उजवीकडं ४, ५, ६. सहा कळा, मधे स्पेस, ओळ संपत आली की घंटी. डाव्या हाताच्या तीन बोटांकडं १, २, ३ हे ठिपके, उजव्या हाताच्या तीन बोटांकडं ४, ५, ६. जाड कागद घालायचा आणि अक्षराला लागतील तेवढ्या कळा एकदम दाबायच्या. तक्ता मी चार रात्रींत पाठ केला. अक्षरांच्या जागी ठिपके येतील, बाकी पान तेच राहील, अशी माझी समजूत होती.

पहिला कागद केला तो पावसावरच्या एका छोट्या उताऱ्याचा, खाली पाच प्रश्न. मथळा मधोमध घेतला. त्याखाली एक सजावटीची ओळ हवी म्हणून सहाही कळा एकदम दाबत ओळीतली सगळी ४२ घरं भरून टाकली. प्रत्येक परिच्छेदानंतर एक ओळ मोकळी सोडली. कागद तिरपा धरून उजेडात पाहिला, तर सुरेख दिसत होता.

तिनं बोट ठेवलं. मथळा वाचला. खालच्या ओळीवर आली आणि थांबली. मागं गेली, पुन्हा पुढं आली, ओळीच्या शेवटापर्यंत घासत गेली.

"मावशी, ढढढढढढ असं का लिहिलंयस?"

भारती ब्रेलमध्ये, म्हणजे आपल्या भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, सहाही ठिपके म्हणजे ढ. ते मला पाठ होतं. पण माझ्या लेखी त्या ओळीत अक्षरं नव्हतीच, ती बॉर्डर होती. डोळ्याला बॉर्डर वाचावी लागत नाही, ती नुसती दिसते. बोटाला मात्र जे लागेल ते वाचावंच लागतं, वाचल्याशिवाय ते अक्षर आहे की नक्षी हे त्याला कळणार कसं? पुढं तिनं पहिला परिच्छेद वाचला, खालच्या मोकळ्या ओळीवर बोट फिरवलं, काहीच लागलं नाही, आणि कागद बाजूला ठेवून म्हणाली, "संपलं." पाच प्रश्न तसेच खाली राहिले होते.

त्या संध्याकाळी तो कागद घेऊन मी अप्पांजवळ बसले. अप्पा म्हणजे माझे वडील. अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यात चादरींच्या जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच करण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. डिझाइन करणारा ग्राफ कागदावर चौकटी रंगवून मोर काढायचा. अप्पा त्या ग्राफची एकेक आडवी ओळ वाचून पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडायचे. एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा. जिथं भोक, तिथं सुई आत जाते आणि ताण्याचा उभा धागा वर उचलला जातो. जिथं भोक नाही, तिथं धागा खालीच राहतो. कार्डांची माळ मागावर फिरत राहते आणि खाली चादरीत मोर उतरत जातो. मोर कुठल्याही एका कार्डावर नसतो. मागाला तो कधी दिसतही नाही, त्याच्यापुढं एका वेळी एकच कार्ड येतं.

अप्पांनी माझ्या कागदावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "हिच्या बोटाखालनं एका टायमाला एकच ओळ जातीय ना? मग जे काय सांगायचंय ते त्या ओळीतच सांगायला पाहिजे की. वरच्या-खालच्या ओळीवर भरवसा ठेवून कसं चालंल?"

ब्रेलच्या पानाबद्दल पुढं मी जे काही शिकले ते या दोन वाक्यांच्या पोटातलंच आहे.

जेकार्डचं यंत्र फ्रान्समध्ये लियॉनला १८०४ मध्ये आलं. लुई ब्रेलचा जन्म त्याच देशात, पॅरिसजवळच्या कूव्रे गावी, ४ जानेवारी १८०९ चा. त्याचे वडील घोड्यांचे खोगीर-लगाम शिवायचे. तीन वर्षांचा असताना तो त्यांच्या अरीशी, चामड्याला भोकं पाडायच्या टोच्याशी, खेळत होता, ती डोळ्यात गेली, आणि पुढं दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेत तो गेला तेव्हा तिथं वाचायला पुस्तकं होती, पण ती डोळसांनी आपल्या मनानं केलेली: आपलीच छापील अक्षरं कागदावर मोठी, उठावदार करून दाबलेली. पुस्तकं अवजड, आणि एकेक अक्षर बोटानं चाचपत ओळखायला मुलांना फार वेळ लागायचा. मग शार्ल बार्बिये नावाच्या माजी सैनिकी अधिकाऱ्याची ठिपक्यांची पद्धत आली. पण तिच्यात एका चिन्हाला बारापर्यंत ठिपके, सहा-सहाच्या दोन उभ्या रांगांत. बोटाच्या टोकाखाली ते मावायचं नाही. लुईनं ती निम्मी केली, सहा ठिपक्यांवर आणली, तेव्हा तो १५ वर्षांचा होता. १८२९ मध्ये ती पद्धत छापून आली. सहा ठिपक्यांची ६३ चिन्हं होतात, आणि प्रत्येक चिन्ह बोट न हलवता एका स्पर्शात कळतं.

उठावदार अक्षरांच्या त्या पुस्तकांचा मी बराच विचार करते. करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांनी आपलं पान मुलांना जसंच्या तसं दिलं, मीही तेच केलं होतं. ज्याला स्वतःला बोटानं वाचायचं होतं, त्या पोरानं बोटाला काय पेलतं ते पाहून लिपी घडवली.

मराठीपुरतं बोलायचं तर ठिपक्यांत आल्यावर आपल्या लिपीचं रूपच पालटतं. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं ते उच्चारावर. मराठीतला क, कन्नडमधला क आणि तेलुगूमधला क, तिन्हींना तेच दोन ठिपके: १ आणि ३. सोलापुरात याचं अप्रूप जास्त. आमच्या गल्लीत एका दारात तेलुगू, दुसऱ्या दारात कन्नड, तिसऱ्यात मराठी. मला शेजारच्या अक्कांच्या घरातलं तेलुगू कॅलेंडर आजही वाचता येत नाही. भाचीच्या हाती कन्नड ब्रेलचं पान आलं, तर एखाददुसरं चिन्ह सोडता अक्षरं तिला लागतात. अर्थ नाही लागत, पण मोठ्यानं म्हणता येतं.

काना, मात्रा, वेलांटी यांना ब्रेलमध्ये वेगळी रूपं नाहीत. स्वराचं जे चिन्ह, तेच व्यंजनानंतर आलं की मात्रा. सगळं एकापाठोपाठ एक. वर, खाली, मागं काही चिकटत नाही. आता मी टाइपिंग शिकले ते मराठी टाइपरायटरच्या कळफलकावर. तिथं ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, अक्षर मागून, कारण कागदावर ती डावीकडं दिसते. रफार अक्षर मारून झाल्यावर, कारण तो डोक्यावर बसतो. ब्रेलरवर माझी बोटं त्याच सवयीनं चालायची. 'किती' लिहिताना इ आधी पडायचा आणि भाची वाचायची 'इकती'. 'धर्म' मध्ये र शेवटी जायचा. ब्रेलमध्ये जसं बोलतो तसंच ओळीत येतं. ध, मग पाय मोडल्याची खूण, मग र, मग म. रफार म-च्या डोक्यावर दिसला तरी उच्चारात तो म-च्या आधी असतो, हे मी इतकी वर्षं रफार मारूनही कधी मनावर घेतलं नव्हतं.

'सई' लिहिताना स पुढं ई ठेवली तर वाचणारा 'सी' म्हणणार. म्हणून मधे एक अ घालायचा: स, अ, ई. 'मऊ' चंही तसंच, नाहीतर ते 'मू' होतं. 'आई' ला काही करावं लागत नाही. हे सगळं करताना जागा मात्र लागते. 'सोलापूर' छापताना चार अक्षरं, ब्रेलमध्ये सात घरं. 'सिद्धेश्वर' ला दहा. ब्रेलरच्या पानावर ४२ घरांच्या २५ ओळी, अक्षर लहान-मोठं करायची सोय नाही, ठिपक्याचं माप ठरलेलं. त्यामुळं छापील एका पानाची ब्रेलमध्ये सहज दोन-तीन पानं होतात आणि एका पाठ्यपुस्तकाचे जाडजूड खंड. ते उभेच ठेवावे लागतात. एकावर एक रचले तर ठिपके दबतात.

आणखी एक गोष्ट दाखवते. ऱ्हस्व इ म्हणजे ठिपके २ आणि ४. दीर्घ ई म्हणजे ३ आणि ५. आकार दोन्हींचा तोच, डावीकडून उजवीकडं चढणारे दोन ठिपके. फक्त दीर्घ ई एक पायरी खाली. पायरी केवढी? अडीच मिलिमीटर. 'दिन' आणि 'दीन' यांतलं अंतर तेवढंच. मोबाईल वाचून दाखवतो तेव्हा ते दोन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. आता मोबाईल आहे, ऑडिओ आहे, कशाला एवढे खंड वागवायचे, असं भेटणारा प्रत्येक जण मला सांगतो. मोबाईल तिलाही आवडतो, गोष्टी ती त्यावरच ऐकते. पण शुद्धलेखन तिला आलं ते बोटातून. परिच्छेद कुठं बदलला, संवाद कुठं सुरू झाला, अवतरण कुठं मिटलं, हे तिला ठाऊक आहे ते पान हाताखालून गेल्यामुळं. ती लिहिते तेव्हा परिच्छेद पाडते. ज्यानं कधी पान वाचलंच नाही, फक्त ऐकलं, त्यानं परिच्छेद पाडावा तरी कशावरून? तिच्या हातून पान काढून घ्यायला मी तयार नाही.

तर पान.

ढढढ च्या प्रसंगानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. विशेष शिक्षिकेनं मला सांगितलं होतं की छापील पानावरचं सगळं उचलायचं नाही. बोल्ड, तिरपी अक्षरं दाखवायला ब्रेलमध्ये खुणा करता येतात, पण प्रत्येक खूण घर खाते आणि बोटाला अडवते. नुसत्या शोभेसाठी असेल तर सोडून द्यायचं. मी सोडत सुटले. बॉर्डर गेली, बोल्ड गेलं, चौकटी गेल्या. मोकळ्या ओळी काढून टाकल्या. परिच्छेद ओळखायचा तो दोन घरं सोडून तिसऱ्या घरापासून सुरू केल्यावर, हे शिकले. कागद हलका झाला, तिचं वाचन पळायला लागलं. आणि मग व्याकरणाचा सराव आला.

प्रश्न होता: 'अधोरेखित शब्दाची जात ओळखा.' खाली वाक्य: 'आजी अंगणात हळू चालते.' छापील कागदावर 'हळू' खाली रेघ. मी रेघ सोडून दिली. माझ्या हातानं, सवयीनं, शोभेच्या वस्तूंबरोबर तीही गेली.

तिनं उत्तर लिहिलं: नाम, नाम, क्रियाविशेषण, क्रियापद. चारही. एकही चूक नव्हती. कागद माझ्याकडं देत म्हणाली, "मावशी, यातलं कुठलं विचारलं होतं ते लिहिलंच नव्हतं."

तो कागद मी अजून ठेवलाय. त्या एका रेघेत अख्खा प्रश्न होता. ब्रेलमध्ये शब्दाखाली रेघ मारता येत नाही, ती खालच्या ओळीत घुसते. म्हणून शब्दाच्या आधी-नंतर खूण घालायची, नाहीतर सरळ लिहायचं, 'या वाक्यातल्या हळू या शब्दाची जात ओळखा.' काम दोन्हींनी होतं. पण त्याआधी ती रेघ कशासाठी मारलीय हे ओळखावं लागतं, आणि ते कुठलंही सॉफ्टवेअर मला सांगत नाही. दुकानातही आता बोल्ड करताना माझा हात क्षणभर थांबतो. हे का करतेय मी? महत्त्वाचं म्हणून, की पान भरल्यासारखं दिसावं म्हणून?

मथळ्यांचा हिशेब त्यामानानं सोपा. छपाईत मी २४ पॉइंट, १८ पॉइंट, बोल्ड, अशी उतरंड लावते. ब्रेलमध्ये सगळं एकाच मापाचं, त्यामुळं उतरंड जागेनं दाखवायची. उत्तर अमेरिकेच्या ब्रेल प्राधिकरणाच्या नियमांत मुख्य मथळा मधोमध, पोटमथळा पाचव्या घरापासून, त्याखालचा सातव्या घरापासून. मी तेच उचललंय. यादी असेल तर मुद्दा पहिल्या घरापासून आणि त्याची उरलेली ओळ तिसऱ्या घरापासून. कवितेचंही तसंच. भाची वाचते तेव्हा दोन्ही हात कामात असतात. उजवं बोट ओळ संपवतंय तोवर डावं बोट मागं जाऊन पुढच्या ओळीचं तोंड धरून ठेवतं. नवीन पान हातात आलं की ती आधी डावा हात समासावरून वरपासून खालपर्यंत नेते. एकदा असाच हात नेऊन, एक अक्षर न वाचता म्हणाली, "आज कविता आहे." माझ्या दुकानातलं वाक्य, वाचायच्या आधी निम्मं कळणारं पान, तिच्या हाताखाली खरं झालं होतं. मला तेव्हा रडू आवरलं नाही.

पानाच्या आकड्यानं मात्र तिला फार छळलं. ती साध्या शाळेत शिकते, वर्गात बाकीची मुलं डोळस. बाई म्हणतात, "पान ३४ काढा." मुलं पान काढतात, वाचायला लागतात. हिचं पान ३४ वेगळंच. तिच्या पुस्तकात त्या आकड्यावर दोन पाठ मागचा मजकूर असतो, कारण तिची पानं तिप्पट. ती खंड चाळत बसायची तोवर वर्ग पुढं गेलेला. घरी येऊन एकदाच बोलली, "मी सगळ्यांच्या मागंच असते." अभ्यासात ती मागं नव्हती. पुस्तकात एक आकडा कमी होता, एवढंच कारण.

यावर उपाय नवा शोधायचा नव्हता, ब्रेलच्या रीतीत तो आहेच. ब्रेलचा पान क्रमांक खाली, छापील पुस्तकाचा वर उजव्या कोपऱ्यात. आणि छापील पान जिथं बदलतं तिथं, भर मजकुरात असलं तरी, ३ आणि ६ या ठिपक्यांची एक आडवी ओळ ओढून तिच्या शेवटी नव्या पानाचा आकडा. एका उन्हाळ्याच्या सुटीत मी आणि बहिणीनं मिळून छापील पानांच्या आकड्यांच्या ब्रेल पट्ट्या केल्या. मे महिन्यात सोलापुरात पारा बेचाळिसावर. घामानं ओलं झालेलं बोट ठिपक्यावर अडकतं, म्हणून भाची शेजारी रुमाल घेऊन बसलेली. ती छापील पान कुठं बदलतंय ते तपासायची, आम्ही पट्टी चिकटवायचो. खंडाच्या पाठीवर 'छापील पाने अमुक ते तमुक' असंही लावलं. जून लागला. शाळेच्या पहिल्या आठवड्यात घरी आली ती, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आज माझं पान आधी निघालं."

आकड्यांची आणखी एक गंमत मुलांना अडचणीची होते. ब्रेलमध्ये आकड्यांना स्वतःची चिन्हं नाहीत. आधी अंकचिन्ह घालायचं, ठिपके ३, ४, ५, ६, आणि पुढं अक्षर. अंकचिन्हापुढचा अ म्हणजे १, ब म्हणजे २. आणि ते अंकचिन्हही मराठीत ण चंच. आता आपल्या 'जोड्या लावा' मध्ये एका बाजूला १, २, ३, ४ आणि दुसऱ्या बाजूला अ, ब, क, ड. बोटाखाली १ आणि अ यांत फरक काय, तर आधीचं अंकचिन्ह. शिवाय दोन गट शेजारी-शेजारी लावले तर ४२ घरांत मराठी शब्द मावत नाहीत, आणि मावले तरी बोट डावीकडून निघालं की मधली मोकळी जागा ओलांडून सरळ 'ब' गटात शिरतं. डोळा दोन रकाने दोन म्हणून बघतो. बोटाला ती एक लांब ओळ लागते, 'आंबा' नंतर लगेच 'पाऊस'. म्हणून मी आता 'अ' गट पूर्ण देते, मग एक मोकळी ओळ, मग 'ब' गट पूर्ण. मोकळी ओळ इथं लागते, इथं ती काही सांगते.

कृतिपत्रिकेबद्दल लिहिताना मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. मराठीच्या कृतिपत्रिका मीच कंपोज करते. आकृतिबंध पूर्ण करा, ओघतक्ता तयार करा, चौकटी पूर्ण करा. मधे लंबगोल, चार बाजूंना चार चौकटी, बाण. दिसायला छान असतं. पण लंबगोलात लिहिलेलं असतं 'लेखकाच्या आजीचे गुण' आणि चौकटी चार, म्हणजे विचारलेलं एवढंच की आजीचे चार गुण लिहा. एका परीक्षेत भाचीचा लेखनिक तिला तो आकृतिबंध वाचून दाखवत होता: मधे एक गोल आहे, त्यातून चार बाण निघालेत, एक वरच्या चौकटीकडं, एक डावीकडच्या... चार गुण तिला पाठ होते. ती चौकट कुठं आहे ते समजून घेण्यात वेळ गेला. ब्रेलमध्ये मी ते एका ओळीत लिहिते आणि खाली १ ते ४ आकडे देते. ओघतक्त्याला क्रम असतो, म्हणून तो क्रमानं, एकाखाली एक. 'शेजारील', 'वरील चौकटीतील' असे शब्द दिसले की बदलते. 'चित्र पाहा' असेल तर चित्रात काय आहे ते दोन वाक्यांत, आणि हे माझं सांगणं आहे, मूळ मजकूर नाही, ही खूणही. उत्तर मात्र त्या वर्णनात सांडू द्यायचं नाही. तेच सगळ्यात अवघड.

पुस्तकं ब्रेलमध्ये करायला आता कायदा आडवा येत नाही. २०१२ मध्ये आपला कॉपीराइट कायदा बदलला, पुढच्या वर्षी माराकेशचा करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मंजुरी देणारा भारत जगातला पहिला देश ठरला. कागद आहे, यंत्रं आहेत, युनिकोडमधला मजकूर ठिपक्यांत बदलून देणारी सॉफ्टवेअर आहेत. जुन्या फॉन्टमधलं मॅटर त्यांत टाकलं तर भलतंच काही निघतं, पण युनिकोडचं बरं येतं. एवढं सगळं असून पान कसं बसवायचं ते बघायला बसणारी माणसं हवीत. माझ्यासारख्या कंपोझिटर सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या दोघी-तिघींना जरी हे शिकवता आलं तरी खूप होईल, म्हणून हे एवढं लांबण लावून लिहितेय.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही जिल्ह्याचा नकाशा केला. छापील नकाशात तालुक्यांच्या सीमा, रस्ते, रेल्वे, नद्या, नावं, सगळं एकावर एक. सगळं उठावाचं केलं तर बोटाला नुसती खडबड. त्यामुळं पहिल्या कागदावर फक्त जिल्ह्याची कड आणि नद्या. अप्पांच्या जुन्या पेटीत चादरीचं सूत होतं. भीमेला जाड पीळ, सीनेला बारीक धागा. अप्पांनी स्वतः चिकटवलं, त्यांचा हात अजून स्थिर आहे. भाचीचं बोट सीनेवरून खाली खाली आलं आणि जाड सुताला लागलं, तिथं थांबलं.

"इथं काय आहे?"

"हत्तरसंग कुडल. भीमा-सीनेचा संगम. तिथल्या देवळात शके ९४० चा लेख आहे, म्हणजे सन १०१८. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांतला एक."

"दगडात खोदलेला?"

"हो."

"म्हणजे बोटानं वाचता येईल."

मी म्हटलं, अक्षरं तुझ्या ओळखीची नाहीत गं, ती आमची. त्यावर ती म्हणाली, मग तुमची दाखव. मी तिला ब्रेल देत आले होते, पण माझी अक्षरं कशी असतात हे तिला कुणी कधी दाखवलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

पुठ्ठ्यावर सुताचा क केला, तळहाताएवढा. तिनं उभा दांडा शोधला, डावीकडचा गोल, उजवीकडचा बाक. वरच्या आडव्या सुतावरून बोट नेत म्हणाली, "ही कशाला?" मी म्हटलं, शब्दातली सगळी अक्षरं हिला लटकलेली असतात, शब्द एकत्र धरून ठेवते. तिनं मान हलवली. "आमच्याकडं मोकळी जागा धरते." मग मी कि केला. तिचं बोट डावीकडून निघालं, आधी वेलांटीला लागलं, मग क ला. तिनं दोनदा करून पाहिलं.

"मावशी, बोलताना ही नंतर येते ना? मग तुम्ही आधी का लिहिता?"

मला सांगता येईना. अप्पांकडं पाहिलं, ते सूत सोडवण्यात गुंतले होते. भाचीनं दुसरा पुठ्ठा पुढं ओढला आणि म्हणाली, "बरं, राहू दे. आता सोलापूर लिही. सगळं एका रेघेला लटकवून." मी आडवं सूत लावलं, स लावला, त्याला काना, मात्रा. ल ला काना. पू चा उकार खाली वळवत होते तोवर फेव्हिकॉल वाळायच्या आतच तिचं बोट रेघेवरून निघालं होतं, आणि र अजून लावायचा होता.